दात खाणं आणि जबड्याचं दुखणं: दिवसाचे उपाय वेगळे, रात्रीचे वेगळे

झोपेत करकर दात खाणाऱ्याला बहुधा त्याचा पत्ताच नसतो. पत्ता असतो तो शेजारी झोपणाऱ्याला. दिवसभर दातावर दात दाबून बसणाऱ्याचं तर कोणालाच कळत नाही, कारण त्याचा आवाजच होत नाही. जबडा दुखतो म्हणून येणाऱ्या अनेकांच्या बाबतीत खरा त्रास या बिनआवाजी सवयीचा असतो आणि उपचार मात्र फक्त रात्रीच्या आवाजावर चाललेले असतात.

दोन्ही गोष्टींचं मूळ वेगळं आहे. रात्रीचं दात खाणं झोपेच्या यंत्रणेतून येतं. झोप हलकी होते, मेंदू काही सेकंद अर्धवट जागा होतो, हृदयाचे ठोके वाढतात आणि मग जबड्याचे स्नायू लयीत आवळले जातात. हे मनाच्या निश्चयाने थांबत नाही आणि नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर बसवायचं कवच, लावूनही थांबत नाही. गार्डमुळे फक्त दात वाचतात. दिवसा दात दाबणं मात्र सवय आहे आणि ती मोडता येते. म्हणून रात्री दात सांभाळायचे, दिवसा जबडा मोकळा ठेवायचा, आणि झोप बिघडवणाऱ्या गोष्टी एकेक करून काढायच्या. पुढचं सगळं या हिशेबाने लिहिलं आहे.

आधी हे वाचा: घरी थांबू नये अशी लक्षणं

वय पन्नाशीच्या पुढे, कानशिलात नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, चावताना जबडा दमून दुखणं आणि थांबल्यावर बरं वाटणं, केस विंचरताना डोक्याची कातडी दुखणं, दिसण्यात फरक पडणं: यातली दोन-तीन लक्षणं एकत्र आली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज आल्याने असं होतं आणि उपचाराला उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.

चालताना किंवा जिना चढताना जबड्यात कळ येते, सोबत छाती भरून येते किंवा घाम फुटतो, तर ते हृदयाचं दुखणं समजून तडक रुग्णालय गाठा. ताप, गालाला किंवा गळ्याला सूज आणि तोंड उघडेना, तर ते इन्फेक्शन. जखमेनंतर काही दिवसांनी दातखिळी बसू लागली तर धनुर्वाताची शक्यता तपासावी लागते. चेहऱ्याचा भाग बधिर होणं, गालात किंवा मानेत गाठ लागणं, महिनोन्‌महिने तोंड उघडणं कमी-कमी होत जाणं, यांचा दात खाण्याशी संबंध जोडून स्वस्थ बसू नका.

तोंड उघडं राहून मिटेनासं झालं तर जबडा सांध्यातून निसटलेला असतो. स्वतः ढकलू नका. हनुवटीला हाताचा आधार द्या आणि तातडीच्या विभागात जा. जितक्या लवकर जाल तितका तो सहज बसतो.

दुखणं नेमकं कुठलं, ते घरी कसं ओळखायचं

वाचता वाचता थांबा आणि पाहा: या क्षणी तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले आहेत का? टेकलेले असतील तर तिथूनच सुरुवात आहे. जबडा सैल असतो तेव्हा ओठ मिटलेले असतात आणि दातांमध्ये 2 ते 4 मिलिमीटर फट असते. चावणं आणि गिळणं धरून चोवीस तासांत दाताला दात लागण्याचा एकूण वेळ साधारण 20 मिनिटांच्या आसपास असतो. कॉम्प्युटरसमोर दात टेकवून तासभर बसलात की हा हिशेब केव्हाच ओलांडला जातो. त्यासाठी जोर लावायलाही लागत नाही. नुसते टेकलेले दातसुद्धा स्नायूंना कामाला लावून ठेवतात.

आता दोन बोटं गालावर, जबड्याच्या कोपऱ्याच्या जरा वर ठेवा आणि दात आवळा. बोटाखाली जो गोळा टणक होतो तो मॅसेटर, गालातला चावण्याचा स्नायू. कानशिलावर बोटं ठेवून तसंच केलं की टेम्पोरॅलिस हा तिथला चावण्याचा स्नायू लागतो. दात सोडा आणि या दोन्ही जागा तीन-चार ठिकाणी, प्रत्येकी पाच सेकंद दाबून पाहा. दाब साधारण 1 किलोचा हवा. वजनकाट्यावर एकदा बोट दाबून तो किती असतो ते पाहून घ्या, कारण बहुतेकजण एकतर फुंकर घातल्यासारखं दाबतात किंवा पार खुपसतात. दाबल्यावर नेहमीचंच दुखणं जागं झालं, किंवा कळ दातात, कानात, भुवईकडे गेली, तर दुखणं स्नायूचं आहे. कानाच्या छिद्राच्या अगदी पुढे, तोंड उघड-मीट करताना जिथे हालचाल लागते तिथे दाबल्यावर दुखत असेल तर सांधा दुखतो आहे. दोन्ही एकत्र असणंही नेहमीचंच.

पट्टी घेऊन वरच्या आणि खालच्या पटाशीच्या दातांच्या कडांमधलं अंतर मोजा. मोठ्या माणसाचं तोंड साधारण 40 ते 55 मिलिमीटर उघडतं. 35 च्या खाली असेल तर ते कमी आहे. पट्टी नसेल तर स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का पाहा. आरशात हनुवटीच्या मध्यावर नजर ठेवा: उघडताना एका बाजूला वळून ‘कट्ट’ आवाजासरशी पुन्हा मध्यावर आली तर सांध्यातली चकती सरकून परत जागेवर येते आहे, वळून तिकडेच राहिली तर त्या बाजूचा सांधा किंवा स्नायू अडलेला आहे.

दोन आठवडे एक साधी वही ठेवा. उठल्याबरोबर दुखणं दहापैकी किती, संध्याकाळी किती, आणि ते वाढलं तेव्हा हातात काय काम होतं, एवढंच. सकाळी सर्वांत जास्त आणि दुपारपर्यंत उतरणारं दुखणं रात्रीकडे बोट दाखवतं. सकाळी बरं आणि संध्याकाळी गाल भरून आलेले, तर दिवसाची सवय. डेंटिस्टकडे ही वही घेऊन जाल तर पहिल्या भेटीतले निम्मे प्रश्न वाचतील.

दातांवरच्या खुणा वाचताना जरा जपून. घासून झालेली झीज सपाट, चकचकीत असते आणि वरच्या दाताचा सपाट भाग खालच्या दाताच्या सपाट भागावर बरोबर बसतो. वाटीसारखे खळगे पडले असतील तर आम्लाने, म्हणजे आंबट पेयांनी किंवा पोटातून वर येणाऱ्या आम्लाने झालेली झीज असण्याची शक्यता जास्त. जिभेच्या कडेला दातांचे ठसे आणि गालाच्या आत पांढरी रेघ हे आवळण्याचं लक्षण असू शकतं. पण झिजलेला दात हा जुना इतिहास आहे. दहा वर्षांपूर्वीची झीजही आज तशीच दिसते, आज तुम्ही दात खाता हे तिच्यावरून ठरत नाही.

शिवाय सगळ्याच कळा जबड्याच्या नसतात. चावून सोडताना एकाच दातात सुरी फिरल्यासारखी कळ आली तर तडा गेलेला दात आधी शोधावा लागतो. गरम-थंड लागल्यावर कळ मिनिटभर रेंगाळत असेल तर दाताची नस. काही सेकंदांचे विजेसारखे झटके, तेही गालाला वारा लागल्यावर किंवा दात घासताना, तर ते नसेचं दुखणं आणि त्याची औषधं पूर्ण वेगळी.

पहिले दहा दिवस: भडकलेला जबडा शांत करणं

या काळात व्यायाम नको. आखडलेल्या स्नायूला लगेच ताणायला गेलं की तो आणखी आवळतो.

शेक ओला द्या. टॉवेल गरम पाण्यात बुडवून पिळा, मनगटावर टेकवून सोसतो का पाहा, आणि गाल-कानशील झाकेल असा 15 ते 20 मिनिटं ठेवा. टॉवेल पाचेक मिनिटांत निवतो, त्यामुळे मधे बदलावा लागतो. दिवसातून दोन ते चार वेळा. मार लागून किंवा खूप वेळ तोंड उघडं ठेवून दुखणं नुकतंच सुरू झालं असेल तर पहिले दोन दिवस बर्फ बरा: कापडात गुंडाळून 10 मिनिटं, त्याहून जास्त नाही.

खाणं मऊ ठेवा आणि घास लहान घ्या. पातळ मात्र करू नका. जबड्याला हलकं काम हवंच असतं. दोन्ही बाजूंनी चावा. च्युइंग गम, टणक आणि चिवट पदार्थ, समोरच्या दातांनी तोडून खाणं हे सगळं बंद. दोन आठवड्यांनी हळूहळू नेहमीच्या खाण्यावर या, कारण महिनोन्‌महिने मऊच खात राहिलं की स्नायू कमजोर होतात आणि मग साध्या घासानेही दुखतं. जांभई आली की जिभेचं टोक टाळूला लावा आणि हनुवटीखाली मूठ धरा, म्हणजे तोंड फार उघडणार नाही.

वेदनाशामक गोळी घ्यायचीच झाली तर ती ठरल्या वेळी, थोडे दिवस घ्या. दुखलं की एक असं करत महिनाभर ओढू नका. इबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम, काही खाल्ल्यावर, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, पाच ते सात दिवस, हे मोठ्या माणसासाठी नेहमीचं प्रमाण आहे. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, रक्त पातळ करणारी गोळी, अशा गोळ्यांनी बळावणारा दमा, गर्भारपण यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामकं घेणाऱ्यांना गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडू शकते. ती जबड्याच्या डोकेदुखीसारखीच भासते आणि गोळी वाढवली की वाढते.

दिवसाची सवय मोडणं

सगळ्या उपायांत स्वस्त, कंटाळवाणा आणि सर्वांत उपयोगी भाग हाच आहे. म्हणूनच लोक तो टाळतात आणि थेट गार्डची चौकशी करतात.

जबड्याची विश्रांतीची जागा अशी शोधा: ‘न’ म्हणा, लांबवा, आणि जीभ जिथे टेकली तिथेच राहू द्या. टोक वरच्या पटाशीच्या दातांच्या मागे, दाताला न लागता टाळूवर. आता ओठ अलगद मिटा आणि नाकाने श्वास सोडा. दात आपोआप सुटे राहतात. जीभ तिथे असताना दात आवळणं अवघड जातं, म्हणून ही जागा निवडायची.

आता आठवण करून देणारं काहीतरी हवं. फोनवर दर 30 ते 40 मिनिटांनी थरथरणारा अलार्म लावा. वेळा थोड्या मागेपुढे असतील तर बरं, नाहीतर अलार्म व्हायच्या आधीच आपण सावरून बसतो. शिवाय रंगीत टिकल्यांसारखे छोटे स्टिकर लॅपटॉपच्या कोपऱ्यावर, गाडीच्या स्टिअरिंगवर, फोनच्या मागे, आरशावर चिकटवा. प्रत्येक वेळी क्रम एकच:

1. आहे तसे थांबा. दात सुटे आहेत, टेकलेले आहेत की आवळलेले?
2. वहीत किंवा फोनवर एका अक्षराने नोंद करा: सु, टे, आ.
3. खांदे खाली सोडा, सावकाश श्वास सोडा, ‘न’ची जागा घ्या.
4. पुन्हा कामाला लागा.

पंधरा सेकंदांचं काम. तीन-चार दिवसांत नोंदींमधून तुमच्या वेळा दिसू लागतात. कोणाचा जबडा ईमेल लिहिताना आवळतो, कोणाचा ट्रॅफिकमध्ये, कोणाचा सुईत दोरा ओवण्यासारख्या बारीक कामात. मग अलार्म तेवढ्या वेळांपुरते दाट करा आणि बाकीचे काढून टाका. व्यायामशाळेत वजन उचलणाऱ्यांनी जोर लावताना ओठ किंचित उघडे ठेवून श्वास सोडायची सवय लावावी, कारण जोराबरोबर दात आवळले जातात.

यात फसतं कुठे? पहिली चूक म्हणजे दात सुटे ठेवायचे म्हणून जबडा मुद्दाम खाली धरून ठेवणं. त्याने दुसरेच स्नायू दमतात आणि हनुवटीखाली दुखायला लागतं. जबडा धरायचा नसतो, सोडायचा असतो. दुसरी चूक, जीभ टाळूवर जोराने दाबणं. तिसरी, स्टिकर आठवड्याभरात नजरेला सरावतात आणि दिसेनासे होतात. दर सात-आठ दिवसांनी त्यांचा रंग आणि जागा बदला. फरक जाणवायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. दोन आठवड्यांनी नोंदीत ‘आ’ वाढलेले दिसले तर घाबरू नका: सवय वाढलेली नसते, ती तुमच्या लक्षात येऊ लागलेली असते.

नखं खाणं, पेन चघळणं, ओठ-गाल आतून चावणं, हनुवटी हातावर टेकून बसणं, फोन खांदा आणि कानात धरणं ही पिल्लावळही त्याच वहीत नोंदवा. डोकं पुढे काढून स्क्रीनकडे पाहिलं की जबडा मागे ओढला जातो आणि मानेचे स्नायू ताठरतात. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणली तरी पुष्कळ फरक पडतो.

व्यायाम, क्रमाने

भडका ओसरला, म्हणजे दुखणं दहापैकी चारच्या खाली आलं की सुरू करा. आधी पाच मिनिटं शेक घ्या. कसोटी एकच: व्यायामानंतर वाढलेलं दुखणं अर्ध्या तासात पूर्वपदावर आलं पाहिजे. येत नसेल तर दुसऱ्या दिवशी प्रमाण निम्मं करा.

पहिला आठवडा फक्त एकच व्यायाम. जिभेचं टोक ‘न’च्या जागी ठेवून, ते न सुटता तोंड जितकं उघडेल तितकंच उघडा आणि मिटा, मिटताना दात लागू देऊ नका. सहा वेळा, दिवसातून सहा वेळा. यात जबडा पुढे न सरकता बिजागरीसारखा फिरतो आणि सांध्यावर ताण येत नाही. आरशासमोर करा, हनुवटी सरळ रेषेत खाली जाते का पाहा. वळत असेल तर वेग कमी करा, वळण्याआधीच थांबा आणि तेवढ्याच टप्प्यात सराव करा.

दुसऱ्या आठवड्यात विरोधाचे व्यायाम जोडा. दात सुटे ठेवून हनुवटीखाली दोन बोटं ठेवा, तोंड उघडायचा हलका प्रयत्न करा आणि बोटांनी ते उघडू देऊ नका. सहा सेकंद धरा, सोडा. मग हनुवटीच्या उजव्या बाजूला बोटं ठेवून जबडा उजवीकडे ढकलायचा प्रयत्न, तसंच डावीकडे. प्रत्येक दिशेला सहा वेळा. जबडा हलता कामा नये. जोर एवढाच लावा की आरशात मानेच्या शिरा ताठलेल्या दिसणार नाहीत.

तिसऱ्या आठवड्यापासून ताण. तोंड आपलंआपण जितकं उघडेल तितकं उघडा, मग अंगठा वरच्या पटाशीच्या दातांवर आणि मधलं बोट खालच्यांवर ठेवून कात्रीसारखं हलकेच आणखी उघडा. ओढ जाणवेल, कळ येता कामा नये. 20 ते 30 सेकंद धरा, तीन वेळा, दिवसातून दोनदा. दात हलत असतील किंवा समोर कॅप बसवलेली असेल तर हा प्रकार नको. जोराने ‘कट्ट’ वाजून जबडा निसटल्यासारखा वाटला तर तिथेच थांबा आणि हा व्यायाम डेंटिस्टला विचारूनच पुढे न्या.

मसाज करताना लोक गालावर गोल-गोल हात फिरवून मोकळे होतात. त्याने बरं वाटतं, पण गाठ सुटत नाही. हात स्वच्छ धुवा, उजव्या गालासाठी डावा अंगठा आत घालून गालाची आतली बाजू धरा, बाहेरून दोन बोटं ठेवा आणि स्नायू चिमटीत पकडा. दात किंचित आवळून सोडलेत की कडक पट्टा बोटांत लागतो. तो सर्वांत दुखरा बिंदू सापडला की 20 ते 30 सेकंद तसाच दाबून धरा, दुखणं विरत गेलं की बोटं सेंटिमीटरभर खाली सरकवा. एका गालाला दोन मिनिटं पुरेत. रोज दहा-दहा मिनिटं चिमटे काढत राहिलात तर तो भाग सुजून आणखी दुखेल. नखं कापलेली हवीत, हे सांगायला नको.

रात्रीची बाजू

कॅफिनचा शरीरातला निम्मा अंश उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणून झोपण्यापूर्वी सहा-आठ तास चहा-कॉफी नको. दारू झोप आणते खरी, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती मोडते आणि तेव्हा दात खाणं वाढतं. तंबाखूचं तसंच: निकोटीन मेंदूला जागं ठेवतं. या तीन गोष्टी दोन आठवडे बंद करून वहीतला सकाळचा आकडा पाहा. पालथं झोपल्याने जबडा एका बाजूला ढकलला जातो. कुशीवर किंवा पाठीवर झोपा आणि उशी अशी घ्या की मान सरळ राहील.

औषधांचा विचार फार थोडे लोक करतात. फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रॅलिन, पॅरॉक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन यांसारखी नैराश्य-चिंतेवरची औषधं आणि मिथाइलफेनिडेटसारखी उत्तेजक औषधं काहींमध्ये दात आवळणं सुरू करतात किंवा वाढवतात. औषध सुरू झाल्याच्या किंवा डोस वाढल्याच्या तारखा आणि जबडा दुखायला लागल्याची तारीख शेजारी मांडा. जुळत असतील तर ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना दाखवा; डोस, वेळ किंवा औषध बदलता येतं. आपल्या मनाने बंद करणं मात्र जबड्याच्या दुखण्यापेक्षा महागात पडू शकतं.

जोरदार घोरणं, झोपेत श्वास अडकल्याचं कोणी सांगणं, सकाळी तोंड कोरडं आणि डोकं जड, दिवसा बसल्या-बसल्या डुलकी, रक्तदाब चढा: असं असेल तर गार्ड बनवण्याआधी झोपेची तपासणी करून घ्या. झोपेत श्वास थांबण्याचा विकार असलेल्यांपैकी काहींमध्ये वरच्या दातांवरच्या साध्या गार्डने तो वाढल्याचं दिसलं आहे. अशांना खालचा जबडा पुढे धरणारं वेगळं साधन किंवा हवेच्या दाबाचं मशिन लागतं. आंबट ढेकर आणि छातीत जळजळ असेल तर त्यावरही उपचार घ्या. आम्लाने मऊ झालेलं इनॅमल घासल्याने फार लवकर झिजतं.

नाइट गार्ड: घ्यायचा तर कसा

गार्डकडून अपेक्षा योग्य ठेवा. दात, फिलिंग आणि कॅप यांचं संरक्षण तो चांगलं करतो. दुखणं काहींचं कमी होतं, काहींचं नाही.

पहिली पसंती कडक अॅक्रिलिकच्या, एका जबड्याचे सगळे दात झाकणाऱ्या, माप घेऊन बनवलेल्या गार्डला. जाडी दाढांपाशी साधारण 2 ते 3 मिलिमीटर. मऊ रबरी गार्ड पहिल्या दिवशी छान वाटतो, पण काहीजण तो चघळू लागतात आणि स्नायू आणखी कामाला लागतात. जोराने दात खाणारा माणूस तो थोडक्या महिन्यांत भोकं पडेपर्यंत चावतो. गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबायचा तयार गार्ड दोन-चार आठवड्यांच्या चाचणीपुरता चालेल, त्याहून जास्त नको, कारण त्याचा चावा, म्हणजे दातांवर दात टेकणं, सगळीकडे सारखा लागत नाही. फक्त समोरच्या चार-सहा दातांवर बसणारी छोटी साधनं सर्वांत जपून वापरायची: मागच्या दाढांना काही टेकत नाही म्हणून त्या हळूहळू वर येतात आणि पुढचे दात मिटेनासे होतात. डेंटिस्टच्या देखरेखीशिवाय ती वापरू नका.

फिलिंग, कॅप, रूट कॅनाल अशी कामं बाकी असतील तर ती आधी संपवा, मग माप द्या. नंतर दाताचा आकार बदलला की गार्ड बसत नाही.

गार्ड बसवण्याच्या दिवशी घाई करू नका. डेंटिस्ट रंगीत कागद चावायला देऊन खुणा पाहतो. समोरच्या जबड्याच्या सर्व दातांच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या उमटल्या पाहिजेत. एकाच दाढेवर गडद ठिपका आणि बाकी कोरं, तर तो दात रात्रभर मार खाणार. खुर्चीत सरळ बसून आणि आडवं होऊन, दोन्ही प्रकारे चावून पाहायला सांगा, कारण आडवं झाल्यावर जबडा मागे सरकतो आणि झोपायचं तर आडवंच असतं. बाजूला घासताना सुळ्यांनी भार घ्यावा आणि दाढा सुट्या व्हाव्यात. गार्ड बोटाने काढता-घालता यायला हवा, पण जिभेने सुटता कामा नये. हिरडीला किंवा जिभेला टोचत असेल तर तिथल्या तिथे घासून घ्या.

पहिल्या काही रात्री लाळ जास्त सुटते, झोपेत गार्ड काढून टाकला जातो. झोपण्यापूर्वी अर्धा तास जागेपणी घातलात की तोंडाला त्याची ओळख होते. गार्डने दात घट्ट धरल्यासारखे वाटणं दोन-तीन रात्रींत जातं. एकच दात चौथ्या दिवशीही ठणकत असेल तर गार्ड दुरुस्त करून घ्यावा लागेल. सकाळी गार्ड काढल्यावर दहा-वीस मिनिटं चावा बदलल्यासारखा लागतो, तेही ठीक. तासाभरानेही दात पहिल्यासारखे जुळत नसतील आणि असं रोज होत असेल, तर वापर थांबवून दाखवा. दोन आठवड्यांनी एक तपासणी, मग दीड-दोन महिन्यांनी, नंतर दर सहा महिन्यांनी. प्रत्येक भेटीला गार्ड बरोबर न्या. त्याच्यावर पडलेल्या चकचकीत वाटा दाताला दात कुठे घासतो ते सांगतात. दिवसा गार्ड घालून फिरू नका.

सकाळी लगेच थंड किंवा कोमट पाण्याने, मऊ ब्रश आणि पातळ साबणाने धुवा. टूथपेस्टने बारीक चरे पडतात आणि त्यांत घाण धरते. उकळतं पाणी नको, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणं नको. अॅक्रिलिक वाकडं होतं आणि मग कधीच नीट बसत नाही. हवेची भोकं असलेल्या डबीत ठेवा. टिश्यूत गुंडाळून ठेवलेला गार्ड कचऱ्यात जातो, आणि घरात कुत्रा असेल तर त्याला तो फार आवडतो.

दाखवले जाणारे इतर उपाय

चावा नीट करण्यासाठी चांगले दात घासून कमी करणं, सगळ्या दातांवर कॅप बसवणं, केवळ जबडा दुखतो म्हणून तारा लावणं हे पहिल्या महिन्यात कोणी सुचवलं तर दुसरं मत घ्या. केलेलं परत फिरवता येत नाही, आणि दात खाण्याचं मूळ चाव्यात असतं याला आधार तोकडा आहे. 2023 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलने जुनाट जबडेदुखीसाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत ठाम शिफारस आहे ती विचार-सवयी बदलण्याच्या समुपदेशनाची, देखरेखीखालच्या जबड्याच्या आणि अंगस्थितीच्या व्यायामांची, हाताने केलेल्या उपचारांची आणि घरी करायच्या काळजीची. चावा कायमचा बदलणारे स्प्लिंट (दातांवर बसवायची साधनं) आणि चकती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया यांच्याविरुद्ध तितकाच ठाम सल्ला आहे. काढता-घालता येणारा गार्डही तिथे जुनाट दुखण्यावरचा उपाय म्हणून सुचवलेला नाही. दात वाचवण्याचा मुद्दा वेगळा.

बोटुलिनम इंजेक्शनने मॅसेटरचा जोर तीन-चार महिने कमी होतो. झोपेतले झटके येतच राहतात, फक्त ताकद उतरते. चावताना दमणं, हसू वाकडं दिसणं हे त्याचे तोटे, आणि वारंवार घेतल्यास जबड्याच्या हाडावर काय परिणाम होतो याची चिंता आहे. बाकी सगळं नीट करूनही दात तडकत असतील तर विचार करावा, आधी नव्हे.

सांधा नुसता ‘कट्ट’ वाजतो, दुखत नाही, अडकत नाही, तर काहीही करू नका. पुष्कळ लोकांचा वाजतो. मुद्दाम वाजवून पाहायची सवय मात्र सोडा. वर्षानुवर्षांचा आवाज एके दिवशी अचानक बंद झाला आणि तोंड 25-30 मिलिमीटरच्या पुढे उघडेना, तर चकती पुढे अडकली आहे. हाताने जोर लावून उघडू नका. काही दिवसांच्या आत जबड्याचं काम जाणणाऱ्या डेंटिस्टकडे, तोंडाच्या शल्यचिकित्सकाकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा. उशीर झाला तरी व्यायामाने बहुतेकांचं तोंड काही महिन्यांत बरंच उघडू लागतं, पण सुरुवातीच्या दिवसांत तज्ज्ञाला ते हाताने सोडवणं सोपं असतं.

लहान मुलांचं दात खाणं

मुलांमध्ये हे फार सर्रास आढळतं आणि बहुतेकांचं वयात येईपर्यंत आपोआप थांबतं. जंत झालेत म्हणून दात खातो, असं समजून दर वेळी जंताचं औषध देण्यात अर्थ नाही. जंताची लक्षणं वेगळी दिसत असतील तरच द्या. दुधाच्या दातांवर गार्ड सहसा बसवत नाहीत, कारण दात आणि जबडा दोन्ही बदलत असतात. मूल घोरतं का, तोंड उघडं ठेवून झोपतं का, झोपेत घामाघूम होतं का, हे पाहा. असेल तर नाकामागची गाठ आणि टॉन्सिल तपासायला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. सकाळी उठल्यावर गाल दुखतात असं मूल म्हणत असेल, किंवा दाढा इतक्या झिजल्या असतील की गार पाणी झोंबतं, तर डेंटिस्टला दाखवा. एरवी सहा महिन्यांच्या नेहमीच्या तपासणीत झीज कितपत आहे याचा फोटो काढून ठेवायला सांगा. पुढच्या खेपेला तोच फोटो शेजारी धरला की झीज वाढते आहे की थांबली आहे, ते समजतं.